टाचेखालची घंटा

टाच खाली आपटली आणि काहीच वाजलं नाही. बघणाऱ्या कुणालाही विचारलं असतं तर त्यानं वेगळंच सांगितलं असतं. धक्क्यावरच्या रस्त्यावर एक मासळीवाली डोक्यावर पाटी घेऊन फुटपाथवरून खाली उतरली, समोरून येणारी शिकाऊ बस थांबायच्या ऐवजी उसळी मारून पुढे आली, शेजारी बसलेल्या शिक्षकानं हँडब्रेक खेचला, बाई मागे आपटली, पाटी पुढे उडाली आणि सार्डिन मासे ओल्या दगडांवर पसरले. झालं ते एवढंच, आणि ते खरंही होतं. पण स्टिअरिंगमागे बसलेल्या दोनासियाँला यातलं काही नीट दिसलंच नाही. त्याच्या कानात फक्त ती शांतता शिरली. उभ्या हयातीत त्याची उजवी टाच खाली आली आणि घंटा वाजली नाही, असं झालं नव्हतं. पायाखाली घंटेच्या जागी काहीतरी मऊ दबलं, इंजिन गुरगुरलं आणि त्याला एकदम वाटलं, आपण मेलो असणार. मेलेल्या माणसालाच असं होत असेल. तो नेहमीसारखं करतो आणि कुणाला ऐकू जात नाही.

"अरे मुडद्या, आंधळा आहेस का ढोसून बसलायस?" मासळीवाली बसल्या जागेवरून ओरडली. "घंटा नाही, घुंगरू नाही, सरळ अंगावर! माझे मासे कोण भरून देणार, तुझा बाप?"

शिक्षक रेजिस उडी मारून खाली उतरला आणि मासे वेचू लागला. वयानं तिशीतला, सैन्यात ट्रक चालवून आलेला, गोड बोलण्यात पटाईत. "शिकतोय हो माणूस, आई. ट्रामवाला आहे. त्याला काय बोलायचं ते मला बोला." बाईनं त्याला दोन शिव्या जास्तीच्या हासडल्या आणि मासे मोजून न घेता पाटी उचलली, यावरून तिला लागलं नव्हतं एवढं कळलं. बसच्या मागच्या बाकांवर आणखी तीन ट्रामवाले आपापल्या पाळीची वाट बघत बसले होते. नांत गावच्या ट्राम नव्या वर्षात बंद होणार म्हणून कंपनीनं त्यांना बस शिकायला लावलं होतं. त्यातलं कुणी हसलं नाही. एरवी कुणाची टोपी वाऱ्यानं उडाली तरी आठवडाभर पुरवून पुरवून हसणारे हे लोक. दोनासियाँनं आरशात पाहिलं तर तिघंही खाली बघत होते, स्वतःच्या उजव्या बुटाकडे.

"बाबा," रेजिस परत येऊन हात पुसत म्हणाला, "इथं पायाखाली घंटा नसते, पायाखाली इंजिन असतं. हॉर्न हाताशी, ब्रेक पायाशी. तुमच्या गाडीच्या सगळं उलटं. त्यात काय एवढं? माझी सासूपण उलटीच आहे, होते सवय."

"होते," दोनासियाँ म्हणाला. बस पुन्हा सुरू केली. हातांचा काही दोषच नव्हता. हात शिकले होते. गोल चाक फिरवायला, गिअर टाकायला, हॉर्न दाबायला हात मुकाट्यानं शिकले होते, हुशार मुलांसारखे. डोकंही शिकलं होतं. विचारलं तर त्यानं सगळं धडाधड सांगितलं असतं. एकटी टाच मात्र शिकली नव्हती. आणि आणीबाणीच्या वेळी टाच कुणाला विचारत नाही, हे ट्रामवाल्याला सांगावं लागत नाही. ट्रामवर डावा हात विजेच्या दांड्यावर, उजवा ब्रेकवर, आणि माणूस दोन पायांवर उभा, उजव्या टाचेखाली घंटेचं बटण. सत्तावीस वर्षं उभा. समोर कुणी आलं की हात ब्रेककडे वळायच्या आधी टाच आपटलेली असायची. ती आपटते हेसुद्धा त्याला ठाऊक नसायचं. आपला श्वास आपण कुठं ऐकतो? डेपोजवळचा चांभार तर पायातला बूट हातात घेतल्या घेतल्या सांगायचा, की हा ट्रामवाल्याचा आहे. उजवी टाच बाहेरच्या बाजूनं खाल्लेली. तो न विचारता तिथं लोखंडी नाल ठोकून द्यायचा. आज तीच नाल बसच्या पत्र्यावर घसरली होती.

घरी जाताना तो ट्रामनं गेला. त्या पिवळ्या गाडीला गावातले लोक कित्येक वर्षं 'पिवळं संकट' म्हणत आले होते, आणि आता ती जाणार म्हटल्यावर तेच लोक तिच्या काचा प्रेमानं पुसू लागले होते. माणसाचंही तसंच असतं, मरायला टेकला की चांगला. चालक ओळखीचा होता. दोनासियाँ त्याच्या मागं उभा राहिला, बोलला नाही. चालकाशी बोलू नये अशी पाटी समोर होती आणि ती पाटी त्यानं आयुष्यभर दुसऱ्यांना दाखवली होती. गाडी धक्क्यावरून चालली. डावीकडे बोटींच्या डोलकाठ्या, धुक्यात नदीवरच्या लोंबत्या पुलाचं वरचं टोक. तोही पाडायचं ठरलंय म्हणे. पुढे चौकात, जिथं तो पोरवयात रेलिंगला लोंबकळून नदीत थुंकायचा, तिथं आता डांबरी रस्ता होता. नदीचा तो फाटा बुजवून टाकला होता. एवढी नदी बुजवली ह्या गावानं आणि कुणाला चुकल्यासारखं झालं नाही, मग चार रुळांचं काय, असं त्याच्या मनात आलं. रुळांवर गाडी वळली, चाकं किंचाळली, आणि वळणावर चालकाची टाच पडली. टण्. एक बाई, एक सायकलवाला आणि एक कुत्रा, तिघंही मागं न बघता बाजूला झाले. दोनासियाँच्या छातीत बरं वाटलं आणि लगेच वाईट वाटलं.

"आपण वळत नसतो," वडील सांगायचे. "बग्गीवाला वळतो, मोटारवाला वळतो. आपल्याला रूळ आहेत. आपण लोकांना वळवतो. म्हणून आधी घंटा, मग ब्रेक. घंटा म्हणजे आपला रामराम." त्यांच्या भाषेतला रामराम तो, पण अर्थ तोच. वडील विजेच्या ट्रामवर पहिल्या तुकडीत लागले. गावात तारा ताणल्या गेल्या तेव्हा दोनासियाँ आईच्या कडेवर होता. त्याच्या आधी आजोबा. आजोबांची ट्राम दाबलेल्या हवेवर चालायची. घोडा नाही, धूर नाही, वीज नाही. डेपोत हवा आणि उकळतं पाणी भरून घ्यायचं आणि निघायचं. शेवटच्या थांब्याच्या अलीकडे हवा संपली की प्रवासी उतरून हसत चालू लागायचे आणि आजोबा गाडीपाशी उभे राहायचे, दुसरी गाडी ढकलायला येईपर्यंत. त्या गाडीला घंटा नव्हती. आजोबांच्या गळ्यात एक पितळी तुतारी असायची. माणूस समोर आला की ओठांचा चंबू, तुतारी तोंडाशी, फुंकर. विजेच्या गाड्या आल्या तेव्हा आजोबांना जमलं नाही. त्यांना विजेची भीती वाटायची असं घरात सांगत, पण दोनासियाँला आज वाटलं, भीती नसणार. ओठ शिकले नसणार. मग त्यांच्या हाती डेपोचं अंगण झाडायचा खराटा आला, आणि पुढे तोही सुटला. ते खिडकीशी खुर्चीत बसून असत. दोनासियाँ आणि त्याची बहीण मुद्दाम त्यांच्यासमोरून धावत जात. लगेच म्हाताऱ्याच्या ओठांचा चंबू होई. तुतारी नाही, फुंकर नाही, नुसते ओठ. पोरं खदखदून हसत, आई दटावत असे आणि स्वतःही पदराआड, म्हणजे एप्रनच्या टोकाआड, हसत असे. आजोबाही हसत. त्यांना काय वाटत असेल हे कुणी विचारलं नाही. कोण विचारणार?

ओदेत, त्याची बायको, बिस्किटांच्या कारखान्यातून आधीच घरी आली होती. तिच्या केसांना लोण्याचा वास यायचा, केस धुतले तरी जायचा नाही. टेबलावर तिनं निळ्या कापडाची एक उशी ठेवली होती.

"हे काय?"

"तुझ्या बुडाला. सत्तावीस वर्षं उभा होतास, आता बसून नोकरी. शेठ झालास की तू!" ती हसली. "आणि त्या नव्या इमारतीतल्या खोल्यांचं बघून आले मी. बसच्या चालकांना आधी देणार म्हणतात. न्हाणीघर आहे, दोनासियाँ. घरातल्या घरात. नळ सोडला की गरम पाणी. मी हात घालून बघितला."

"बघितलास?"

"दोन्ही हात घातले. तो दाखवणारा माणूस म्हणाला, बाई, पुरे." ती सूप वाढू लागली. "परीक्षा कधी?"

"पंधरवड्यानं."

"पास होशील. तुझ्या हाताला वळण आहे."

हाताला आहे, पायाला नाही, हे त्यानं बोलून दाखवलं नाही. धक्क्यावरची गोष्टही त्यानं सांगितली नाही. सूप प्यायला, ब्रेड मोडला, उशी बुडाखाली घेऊन बघितली आणि छान आहे म्हणाला. छान होतीच. त्याला तिच्यासाठी ते न्हाणीघर हवं होतं, मनापासून हवं होतं. ह्या बाईनं आयुष्यभर अंगणातल्या नळाचं थंडगार पाणी घंगाळात ओतून अंघोळ केली होती आणि कधी कुरकुरली नव्हती. आणि त्याच वेळी टेबलाखाली त्याची टाच आपल्याच नादात जमीन चाचपत होती, जणू तिथं बटण सापडेल.

पंधरा दिवस तो शिकला. बादलीभर घाम गाळला म्हणावं इतका शिकला. घरी खुर्चीत बसून पाय ब्रेकवर ठेवायचा सराव केला, समोर ओदेतनं ठेवलेला लाकडी पाट ब्रेक समजून. पाटावर टाच नाही, चवडा ठेवायचा. चवडा, चवडा, चवडा. रस्त्यावर रेजिस मुद्दाम ओरडायचा, "पोर आलं!" आणि दोनासियाँचा चवडा बरोबर ब्रेकवर जायचा. पण पोर आलेलं नाही हे पायाला कळायचं. पायाला फसवता येत नाही. परीक्षेच्या दिवशी तर सगळं इतकं गुळगुळीत झालं की परीक्षकानं अर्ध्यातच वही मिटली. रेजिसनं त्याच्या पाठीत थाप मारली. "बघा! म्हातारा घोडा शिकत नाही म्हणतात!" मागच्या बाकावरचे तिघंही पास झाले. चौघं मिळून कोपऱ्यावरच्या पिठ्यात गेले, पांढरी वाईन घेतली आणि तिच्याबद्दल, हवेबद्दल, फुटबॉलबद्दल बोलले. टाचेचा विषय कुणी काढला नाही. एक जण जाता जाता दोनासियाँचा दंड धरून म्हणाला, "मी बूट बदललेत. रबरी तळव्याचे घेतलेत." आणि उत्तराची वाट न बघता निघून गेला.

घरी जायच्या ऐवजी दोनासियाँ धक्क्यावर गेला. का, ते त्याला नीट सांगता आलं नसतं. मासळीवाली तिथंच होती, पाटीमागं स्टुलावर, लोकरीच्या शालीत. फिलोमेन तिचं नाव. तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं. तिनं त्याला ओळखलं नाही. बसच्या काचेमागचा माणूस कोण ओळखतो?

"घे ना, दादा, ताजे आहेत. काय बघतोस? मेलेले आहेत, चावायचे नाहीत."

त्यानं मासे घेतले. मग म्हणाला, "मध्यंतरी तुम्हाला बसचा धक्का लागला, ऐकलं."

"लागला कुठं, लागणार होता! नवी फॅशन ती. मांजरीसारख्या येतात मेल्या." तिनं कागदात मासे गुंडाळले. "चाळीस वर्षं हा रस्ता ओलांडतेय मी. माझ्या सासूनं शिकवलं, बघायचं नाही. डोक्यावर पाटी घेऊन मान वळवशील तर मासे सांडतील. ऐकायचं. घंटा वाजली की थांब, नाही वाजली की चाल. कधी चुकलं नाही. त्या दिवशी घंटा वाजली नाही म्हणून चालले. माझं काय चुकलं?"

"काही नाही," दोनासियाँ म्हणाला.

"मग? आता ह्या वयात मी बघायला शिकू?" ती हसली. तिचे समोरचे दोन दात नव्हते. "जाऊ दे. जाईन एक दिवस चाकाखाली. निदान थंडी तरी वाजायची नाही."

तो कागदाचा पुडा हातात घेऊन कितीतरी वेळ धक्क्याच्या कडेला उभा राहिला. पाण्यावर तेलाचे डाग होते. त्याला इतके दिवस वाटत होतं, चूक एकट्या त्याच्या पायात आहे. तिच्याही पायात होती. सगळ्या गावाच्या पायांत होती. त्यानं, त्याच्या वडिलांनी आणि आजोबांनी मिळून ह्या गावाला ऐकायला शिकवलं होतं. लोकांच्या पायांत घंटा घातली होती. आता एका बाजूनं न बघणारी बाई उतरणार, दुसऱ्या बाजूनं न वाजणारी टाच पडणार, आणि त्या दोहोंच्या मध्ये रेजिसचा हात नसणार. पुढच्या सोमवारपासून त्याला प्रवासी घेऊन एकट्यानं निघायचं होतं. त्याला ओदेतचे दोन्ही हात त्या गरम पाण्यात बुडालेले दिसले. त्यानं ते हात डोळ्यांसमोरून हलवायचा प्रयत्न केला, हलले नाहीत. तसाच तो डेपोत गेला.

"पास झालेला माणूस नापास व्हायला आलाय," डेपोचे साहेब म्हणाले, "हे नवीनच." माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला जेवायला जायचं होतं. "तुमच्याबरोबरचे तिघं काही बोलत नाहीत, चालवणार आहेत. त्यांचे पाय काय वेगळे आहेत?"

"त्यांचं त्यांना माहीत, साहेब."

"अहो, महिनाभरात जाईल ते. सगळ्यांचं जातं."

"माझ्या आजोबांचं नाही गेलं."

साहेबांना आजोबांची गोष्ट माहीत नव्हती आणि दोनासियाँनं ती सांगितली नाही. साहेब बराच वेळ पेन्सिल टेबलावर आपटत राहिले. शेवटी म्हणाले, "एक काम आहे. फार दिवसांचं नाही. गाड्या मोडायला न्यायच्यात. जुन्या यार्डापर्यंत रूळ आहेत, वीज ठेवलीय तोवर. कुणीतरी न्यायला हवं. त्यानंतर बघू, अंगण झाडायला वगैरे." झाडायला म्हटल्यावर दोनासियाँ हसला. साहेबांना वाटलं, खूश झाला.

बस सोडल्याचं ओदेतनं त्या संध्याकाळी ऐकून घेतलं. मासे तळले, वाढले, बसली. मग म्हणाली, "पास झालास ना तू?"

"झालो."

"मग?"

"पाय नापास झाला."

"पाय!" ती उठली. "पाय म्हणे! बाकीच्यांना पाय नाहीत? की तू एकटाच देवाच्या घरून पाय घेऊन आलास? माझ्याशी एक शब्द बोलला असतास, एक! मी त्या खोल्यांच्या खिडक्यांची मापं घेऊन आले, पडदे कापले मी!" तिचा आवाज फाटला. "कोण मेलंय अजून? कुणी मेलंय का?"

"नाही."

"मग मरेपर्यंत तरी चालवायची होतीस!" आणि ती स्वतःच्याच शब्दांनी गप्प झाली. ती पाठमोरी उभी राहून भांडी घासू लागली. अंगणातून आणलेल्या पाण्यात तिची बोटं लाल झाली होती. त्याला तिच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. ठेवला असता तर तिनं झटकला असता, आणि बरोबर केलं असतं. तो खुर्चीत निळ्या उशीवर बसून राहिला.

जानेवारीत शेवटची ट्राम निघाली त्या दिवशी गावानं तिला फुलं बांधली, बँड लावला, आणि ज्यांनी आयुष्यभर तिला शिव्या घातल्या ते रुमाल हलवून रडले. दोनासियाँ तिथं नव्हता. त्याचं काम दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झालं. डेपोतून एक गाडी काढायची, रिकामी, यार्डात न्यायची, उतरायचं, चालत परत यायचं, दुसरी काढायची. यार्डात माणसं काचा आणि बाकं आधीच उतरवून ठेवत. मग लाकूड पेटवत, लोखंड कापत. तो मागं वळून बघायचा नाही, पण वास कोटात बसायचा. तरी खोटं कशाला, ते दिवस त्याला सुखाचे गेले. तो उभा होता. डावा हात दांड्यावर, उजवा ब्रेकवर. रस्त्यात कुणी आलं की टाच पडायची आणि टण् वाजायचं. सेवा बंद झालीय हे ठाऊक असूनही लोक बाजूला व्हायचे, मागं न बघता. एकदा धक्क्यावर फिलोमेन पाटी घेऊन थांबली, गाडी जाऊ दिली आणि मग रस्ता ओलांडला. त्या दिवशी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. गाडी रिकामी होती, पुसायला लागलं नाही.

मग एके सकाळी डेपोत एकच गाडी उरली. ती त्यानं हळू चालवली, इतकी हळू की एक सायकलवाला वैतागून पुढे गेला. यार्डात आल्यावर पितळी दांडा काढून माणसाच्या हाती दिला. तारेतली वीज दुपारी तोडली. पुढे एका पिढीनंतर ह्याच गावात पुन्हा रूळ पडले आणि नव्या ट्राम आल्या, बाहेरगावचे लोक बघायला आले, पण ते सांगून दोनासियाँचं काही भलं होण्यासारखं नाही. तो रुळांमधून चालत घरी आला. रुळांवर इतक्यातच गंज चढू लागला होता.

ओदेत स्वयंपाकघरात होती. गेले कित्येक दिवस ती त्याच्याशी कामापुरतं बोलत होती. अबोला नव्हता, पण बोलणंही नव्हतं. तो कोट काढून खुंटीकडे निघाला आणि त्याच वेळी ती चुलीवरचं उकळत्या पाण्याचं भांडं दोन्ही हातांत धरून, मान न वळवता, त्याच्यासमोरून घंगाळाकडे निघाली.

त्याची टाच जमिनीवर आपटली.

फरशीवर नाल वाजली, बोथट, घंटेसारखी मुळीच नाही. ओदेत थबकली. तिनं आधी त्याच्या बुटाकडे पाहिलं, मग तोंडाकडे. तिला त्या खिडकीतल्या म्हाताऱ्याची गोष्ट ठाऊक होती. लग्नानंतर पहिल्याच नाताळात त्यानं ती हसत हसत सांगितली होती आणि तीही पोट धरून हसली होती. आता ती हसली नाही. भांड्यातली वाफ तिच्या तोंडावर येत होती. ती दोन पावलं मागं सरली, भिंतीला चिकटून उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "जा."

तिनं त्याला वाट करून दिली होती. तो जागच्या जागी उभा राहिला, कोट हातात घेऊन. त्याला कुठंच जायचं नव्हतं.